शाळा डिस्ट्रिक्टने बिल लवकर भरून सूट घ्यावी का? आधी ते दहा दिवस कुठे जातात ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही आठ महिन्यांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळा डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी, स्वतःचा कर घेणारी संस्था) बिझनेस ऑफिसात अकाउंटंट म्हणून लागलात. कागद, फर्निचर वगैरे देणारा व्हेंडर इनव्हॉइसवर २/१० नेट ३० लिहितो, म्हणजे दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के कमी, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. तुमचे साहेब म्हणतात की पैसे व्याज कमावतायत, ते लवकर कशाला काढायचे, आणि तसंही बोर्ड महिन्यातून एकदाच बिलं पास करतं त्यामुळे दहा दिवसांत चेक जाणं शक्यच नाही. त्यात आता बस काँट्रॅक्टर म्हणतोय की वर्षाचे सगळे पैसे जुलैतच द्या, चार टक्के सोडतो. तर यातलं काय घ्यावं आणि काय नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी १७ वर्षं याच राज्यात शाळा डिस्ट्रिक्टची बिलं, बजेट आणि ऑडिट बघतेय, तीन डिस्ट्रिक्ट झाली, एक श्रीमंत उपनगरातलं, एक बरंच गरीब, आत्ताचं मधलं. त्यामुळे जे सांगते ते पेनसिल्व्हेनियाला धरून. दुसऱ्या राज्यात कायदा वेगळा, करवसुलीचे महिने वेगळे, तेव्हा टेक्सास किंवा न्यू जर्सीतल्या कुणी हे वाचलं तर हिशोब घ्या पण नियम आपल्या सॉलिसिटरला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या वकिलाला, विचारा.

एक गोष्ट पहिल्यांदा सुटी करू. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. माल आला, मोजून झाला, इनव्हॉइस बरोबर आहे आणि आपण ड्यू डेटच्या आधी पैसे दिले, हे लवकर पेमेंट. माल किंवा सेवा अजून मिळालीच नाही आणि आपण पैसे दिले, हे आगाऊ पेमेंट. ऐकायला दोन्हीत सूटच मिळते पण पहिल्यात आपण फक्त आपले काही दिवस सोडतो, दुसऱ्यात आपण समोरच्याला कर्ज देतो, तेही तारण न घेता आणि लोकांच्या कराच्या पैशातून. कागदवाल्याचं पहिल्यातलं आहे, बसवाल्याचं दुसऱ्यातलं. म्हणून माझं उत्तरही दोन्हींना वेगळं आहे.

आधी कागदवाला. दहा हजार डॉलरचं इनव्हॉइस धरा. दहाव्या दिवशी दिलं तर ९,८०० द्यायचे, २०० वाचले. तिसाव्या दिवशी दिलं तर ते ९,८०० आणखी वीस दिवस आपल्याकडे राहिले. डिस्ट्रिक्ट जिथे एकत्र पैसे ठेवतात त्या गुंतवणुकीच्या पूलमध्ये पाच टक्के व्याज मिळत असेल तर वीस दिवसांचं व्याज होतं साधारण २७ डॉलर. म्हणजे २७ डॉलर मिळवायला आपण २०० सोडतोय. वर्षाच्या दराने मांडलं तर दोन भागिले अठ्ठ्याण्णव, गुणिले ३६५ भागिले २०, सदतीस टक्क्यांच्या वर जातं. सरकारी पैसा जिथे सुरक्षित ठेवायची परवानगी आहे तिथे सदतीस टक्के कुठेच मिळत नाहीत. १/१० नेट ३० असेल तरी साडेअठरा टक्क्यांच्या जवळ, आणि अगदी अर्धा टक्का असला तरी नऊच्या वर. व्याज चार टक्के धरलं तर वीस दिवसांसाठी ०.२२ टक्क्यांच्या वरची कुठलीही सूट व्याजापेक्षा भारी पडते. हा ०.२२ चा आकडा साहेबांसमोर ठेवा, सदतीस टक्के ऐकून लोकांना वाटतं काहीतरी हातचलाखी चाललीय, पण २७ विरुद्ध २०० हे लगेच पटतं.

साहेबांची बाजूही ऐकायला हवी कारण ती हवेतून आलेली नाही. २०२१ मध्ये पीएलजीआयटी किंवा पीएसडीएलएएफसारख्या पूलमध्ये जवळजवळ शून्य मिळत होतं, तेव्हा कुणालाच फरक पडत नव्हता. मग फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर चढवले, २०२३ च्या जुलैपासून २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच होते आणि डिस्ट्रिक्टच्या बजेटमध्ये व्याजाची ओळ अचानक मोठी दिसायला लागली, बोर्डाच्या सभेत कौतुक व्हायला लागलं. पैसे शेवटच्या दिवसापर्यंत धरून ठेवा ही सवय तेव्हा पक्की झाली. ज्या बिलावर सूटच नाही त्यासाठी ती सवय ठीक आहे. सूट असलेल्या बिलाला तोच नियम लावला की नुकसान होतं, आणि ते कुठे दिसत नाही कारण न घेतलेल्या सूटीचं लेजरमध्ये खातंच नसतं. मिळालेलं व्याज दिसतं, हुकलेले २०० दिसत नाहीत.

बोर्डाला समजावताना मी आणखी एक तुलना देते. आपलं डिस्ट्रिक्ट स्वतः करदात्यांना हेच देतं. इथला शाळेचा प्रॉपर्टी टॅक्स, बहुतेक ठिकाणी १ जुलैला बिलं निघतात, दोन महिन्यांत भरलं तर दोन टक्के सूट, पुढचे दोन महिने पूर्ण रक्कम, चार महिन्यांनंतर दहा टक्क्यांपर्यंत दंड. पुण्यात राहिलेल्यांना हे नवं नाही, तिथेही मालमत्ता कर वर्षाच्या सुरुवातीला भरला की सामान्य करात सूट मिळते. आता हिशोब करा, ऑक्टोबरअखेरचे पैसे ऑगस्टअखेर मिळावेत म्हणून आपण दोन टक्के सोडतो, म्हणजे वर्षाला साधारण बारा टक्क्यांनी पैसा विकत घेतल्यासारखं झालं. कायद्याने ते द्यावंच लागतं आणि त्यातून फायदाही होतो, सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होताना हातात रोख असते. पण जे डिस्ट्रिक्ट बारा टक्के देऊन पैसा लवकर आणतं, त्याच डिस्ट्रिक्टला कुणी सदतीस टक्के देऊ करतंय आणि ते नाही म्हणतंय. मी हे पहिल्यांदा बोर्डात मांडलं तेव्हा एक जुने सदस्य, स्वतःचं हार्डवेअरचं दुकान चालवलेले, म्हणाले की हे मला आधी कुणी का नाही सांगितलं.

हिशोब इतका सोपा आहे तर मग सूट हुकते कशामुळे? माझ्या अनुभवात हा व्याजाचा प्रश्न नाहीच, इनव्हॉइस कुठे झोपतं त्याचा आहे.

दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये गेले तेव्हा मला हेच विचारलं होतं. मी मागच्या वर्षातली साठेक इनव्हॉइस काढली, ज्यांच्यावर सूट लिहिली होती फक्त तीच, आणि प्रत्येकावर चार तारखा लिहिल्या. इनव्हॉइसवर छापलेली तारीख, ते आमच्या ऑफिसात पोचलं ती तारीख, शाळेने माल मिळाला म्हणून सही केली ती तारीख, आणि चेक निघाला ती तारीख. मला वाटलं होतं बोर्डामुळे उशीर होत असेल. निघालं वेगळंच. सगळ्यात मोठा खड्डा दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेत होता, जवळजवळ दोन आठवडे. खोकी शाळेत येऊन पडलेली, पण पॅकिंग स्लिपवर सही करून ती आमच्याकडे पाठवणारं कुणी नाही. पीओ (खरेदीची ऑर्डर), रिसीव्हिंग (माल मिळाल्याची नोंद) आणि इनव्हॉइस हे तिन्ही जुळल्याशिवाय आम्ही पैसे सोडत नाही आणि सोडूही नयेत, म्हणून सगळं अडून राहायचं.

आणि यात सगळ्यात वाईट महिना कुठला तर ऑगस्ट. वर्षाची खरेदी, पुस्तकं, डेस्क, कागद हे सगळं जुलै ऑगस्टमध्ये येतं कारण नवं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. नेमकं तेव्हा शाळेच्या सेक्रेटरी सुट्टीवर, बऱ्याच जणींचं काँट्रॅक्टच दहा महिन्यांचं असतं. ट्रक येतो, इमारत सांभाळणारा कस्टोडियन बिचारा खोकी जिममध्ये उतरवून घेतो, सही करतो, स्लिप खिशात किंवा खोक्यावरच राहते. म्हणजे ज्या महिन्यात सूट असलेली बिलं जास्तीत जास्त आणि टॅक्सचे पैसे यायला लागलेले, त्याच महिन्यात माल मोजायला माणूस नाही. आम्ही शेवटी एवढंच केलं की उन्हाळ्यातले सहा आठवडे एका सेक्रेटरीला दिवसाला चार तासांचे जास्तीचे पैसे देऊन सगळ्या इमारतींचं रिसीव्हिंग तिच्याकडे दिलं, फोनवर पॅकिंग स्लिपचा फोटो काढून ऑफिसला पाठवायचा. त्या एका बदलाने जेवढं काम झालं तेवढं कुठल्याही सॉफ्टवेअरने झालं नाही. तिच्या पगाराचा खर्च पहिल्याच उन्हाळ्यात निघाला, आणि दोन डेस्क तुटलेले आलेत हे शाळा उघडायच्या आधी कळलं हा वेगळा फायदा.

इनव्हॉइसच्या तारखेचीही भानगड असते. व्हेंडर दहा दिवस छापील तारखेपासून मोजतो, आणि इनव्हॉइस पोस्टाने सहाव्या दिवशी येतं, तेही कधी शाळेच्या पत्त्यावर. म्हणून पीओवर स्पष्ट छापून टाका की सूटीचे दिवस माल मिळाल्यापासून किंवा बरोबर इनव्हॉइस ऑफिसात आल्यापासून, जे नंतर होईल तिथपासून मोजले जातील, आणि इनव्हॉइससाठी एकच ईमेल पत्ता द्या. व्हेंडर मान्य करतात, विचारावं लागतं एवढंच. काही जण दहाऐवजी पंधरा दिवसही देतात. सूट मालाच्या किमतीवर असते, वाहतुकीच्या पैशावर सहसा नसते, तेवढं बघून वजा करा नाहीतर पुढच्या महिन्यात चाळीस डॉलरसाठी पत्रव्यवहार.

आता बोर्डाची मीटिंग. तुमच्या ऑफिसात सगळे म्हणतात की बोर्डाने पास केल्याशिवाय चेक निघत नाही. सर्वसाधारण नियम तोच आहे आणि तो चांगला आहे, नऊ निवडून आलेली माणसं बिलं बघतात हे व्हायलाच हवं. पण १९४९ च्या पब्लिक स्कूल कोडमध्ये जिथे बोर्डाच्या सेक्रेटरीची कामं दिलीत तिथेच एक अपवाद लिहिलेला आहे. ज्या काँट्रॅक्टला बोर्डाने आधीच मंजुरी दिलीय आणि ज्याचे पैसे तत्परतेने दिल्यामुळे डिस्ट्रिक्टला सूट किंवा दुसरा फायदा मिळणार आहे, त्याचं पेमेंट बोर्डाची आधी मंजुरी न घेताही करता येतं. म्हणजे ७५ वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांच्याही डोक्यात ही अडचण होती. कितीतरी ऑफिसात हे वाक्य कुणी वाचलेलंच नसतं. मी पण पहिली चार वर्षं वाचलं नव्हतं, एका ऑडिटरबाईंनी बोट ठेवून दाखवलं.

पण याचा अर्थ उद्यापासून चेक काढायला सुरुवात करा असा नाही. काँट्रॅक्ट आधी मंजूर असलं पाहिजे हा मुद्दा महत्त्वाचा, कुणीतरी फोनवरून मागवलेल्या वस्तूला हे लागू नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टची स्वतःची पॉलिसी याहून कडक असू शकते. तेव्हा सॉलिसिटरकडून बघून घ्या आणि बोर्डाकडून दरवर्षी जुलैत एक ठराव करून घ्या, कोणत्या प्रकारची बिलं मीटिंगच्या मध्ये देता येतील, एका बिलाची कमाल रक्कम किती, सह्या कुणाच्या. आमच्या ठरावात सूट असलेली बिलं, वीज-गॅस-पाणी जिथे उशीर झाला की दंड लागतो, आणि पगारातून कापलेले टॅक्स-पेन्शन हे आहे. प्रत्येक मीटिंगला मधल्या काळात दिलेल्या बिलांची वेगळी यादी, शेवटच्या रकान्यात वाचलेली रक्कम. तो रकाना बोर्डाला आवडतो, आणि त्यामुळे पुढच्या वर्षी ठराव पास व्हायला दोन मिनिटं लागतात.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे सूट असलेलं बिल व्याजासाठी अडवू नका, माल मोजायची साखळी आधी नीट करा, मग बोर्डाचा ठराव. क्रम हाच ठेवा. ठराव आधी झाला आणि रिसीव्हिंग सुधारलं नाही तर घाईत न मोजलेल्या मालाचे पैसे जातील, ते दोन टक्क्यांपेक्षा फार महाग पडतं.

फेडरल पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण तिथे नवीन माणूस हमखास अडकतो म्हणून सांगते. टायटल वन (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीची) किंवा स्पेशल एज्युकेशनच्या आयडीईए ग्रँटमधून एखादी खरेदी केली आणि दोन टक्के सूट घेतली तर ती सूट ग्रँटची. ५,००० चं बिल ४,९०० ला भरलं तर खर्च ४,९०० च दाखवायचा. फेडरल नियमात खरेदीवरची सूट, रिबेट हे सगळं खर्चातून वजा करायला सांगितलंय. कॅफेटेरियाचं तसंच, दूध किंवा अन्नाच्या खरेदीवर मिळालेली सूट फूड सर्व्हिसच्या खात्यातच राहिली पाहिजे, जनरल फंडात नाही, आणि जेवण चालवायला बाहेरची कंपनी असेल, तिला तुम्ही प्रत्यक्ष खर्च भरून देत असाल, तर तिला मिळालेल्या सूटी-रिबेटही तुमच्या खात्यात परत आल्या पाहिजेत. हे इनव्हॉइसवर दिसलं पाहिजे, विचारा. काही ऑफिसात सगळ्या सूटी एकत्र करून किरकोळ उत्पन्नात टाकतात कारण सोपं पडतं. ते करू नका. सूट म्हणजे उत्पन्न नाही, कमी झालेला खर्च आहे, ज्या खात्यातून बिल गेलं त्याच खात्यात ती दिसली पाहिजे.

बिड (निविदा) काढतानाही एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. फेडरल पैशाच्या सीलबंद बिडमध्ये सगळ्यात कमी बिड कोणाचं हे ठरवताना लवकर पेमेंटची सूट तेव्हाच धरायची जेव्हा आपण आधीच्या अनुभवावरून अशा सूटी खरंच घेतो. म्हणजे एकाने १,००,००० लिहिलं आणि दुसऱ्याने १,०१,००० लिहून दहा दिवसांत तीन टक्के सूट दिली, कागदावर दुसरा स्वस्त, पण तुमचं ऑफिस कधीच दहा दिवसांत पैसे देत नसेल तर त्याला काम देणं म्हणजे पहिल्यावर अन्याय आणि हजार डॉलरचं नुकसान. मी हाच नियम आमच्या सगळ्याच बिडना लावते, सूट धरणार की नाही हे बिडच्या कागदपत्रात आधी लिहिते. नंतर ठरवलं की भांडण होतं आणि ते योग्यही असतं.

आता बसवाला. त्याच्या चार टक्क्यांचाही हिशोब करून बघू. सप्टेंबर ते जून असे दहा हप्ते महिनाअखेर द्यायचे असतात, ते सगळे १ जुलैला दिले तर सरासरी साडेसात महिने आधी पैसे गेले. चार भागिले शहाण्णव, गुणिले बारा भागिले साडेसात, वर्षाला साधारण ६.७ टक्के. पूलमध्ये चार मिळत असतील तर हे जास्त दिसतं आणि इथेच माणूस भुलतो. पण पूलमधले पैसे उद्या काढता येतात. बसवाल्याला दिलेले पैसे काढता येत नाहीत, आणि ती बस अजून एकदाही मुलाला घेऊन आलेली नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटं उशीर व्हायला लागला, ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून दोन रूट बंद झाले, तर आपल्या हातात असतं काय? पुढच्या महिन्याचं बिल. ते आधीच देऊन टाकलं की फोन करून विनवणी करण्याशिवाय काही उरत नाही.

२०२० आठवून बघा. १६ मार्चपासून पेनसिल्व्हेनियातल्या शाळा बंद झाल्या आणि बसेस उभ्या राहिल्या. महिन्याच्या शेवटी राज्याने ॲक्ट १३ आणला, त्यात डिस्ट्रिक्टला बस काँट्रॅक्टरशी नव्याने बोलणी करून त्यांचा ठरलेला खर्च निघेल असं पेमेंट ठरवायची मुभा होती. आम्ही बसलो, इंधनाचे पैसे वजा केले, ड्रायव्हरचे पगार चालू राहतील असं बघितलं, दोन्ही बाजूंना परवडेल असा आकडा काढला. ते बोलणं बरोबरीचं झालं कारण मार्च ते जूनचे पैसे अजून आमच्याकडे होते.

आणि माझी स्वतःची एक चूक सांगते. पहिल्या डिस्ट्रिक्टमध्ये मी एका शैक्षणिक सॉफ्टवेअरचं तीन वर्षांचं लायसन एकदम भरायची शिफारस केली होती, आठ टक्के सूट होती. दीड वर्षाने कंपनी बंद पडली. दिवाळखोरीच्या कोर्टातून आम्हाला एक फॉर्म आला, आम्ही भरला, पैसे आले नाहीत. चौथीच्या शिक्षकांनी वर्षाच्या मध्यात सगळं दुसऱ्या प्रोग्रॅमवर हलवलं, त्यांचे ते कष्ट कुठल्याच हिशोबात आले नाहीत. तेव्हापासून माझा नियम, सॉफ्टवेअरचं एक वर्ष आगाऊ ठीक, कारण तो धंदाच तसा चालतो, एका वर्षाच्या पुढे नाही. बस, सफाई, नर्सिंग, थेरपी यांना काम झाल्याशिवाय पैसे नाहीत. बसवाल्याला खरंच रोख लवकर हवी असेल तर त्याला सांगा की महिनाअखेरच्या बिलाचे पैसे तीस दिवसांऐवजी सात दिवसांत देतो, त्यावर किती सोडतोस. बहुतेक वेळा त्याला हवं असतं तेच असतं, ड्रायव्हरचे पगार आणि डिझेलचे पैसे वेळेवर. एक टक्का दिला तरी उत्तम, आणि मुलं तोवर महिनाभर बसने जाऊन आलेली असतात.

हे सगळं कधी करू नये तेही सांगते. रोख नसताना. आपला स्थानिक टॅक्स ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतो आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा असतो, राज्याचे पैसे मध्ये मध्ये येतात. गरीब डिस्ट्रिक्टमध्ये राज्याचा वाटा मोठा, आणि राज्याचं बजेट अडकलं की तोच थांबतो. २०१५-१६ ला ते पुढच्या मार्चपर्यंत सुटलं नव्हतं, २०२५ ला परत नोव्हेंबर उजाडला. पहिल्या वेळी मी त्या गरीब डिस्ट्रिक्टमध्ये होते. दर सोमवारी पगार, पेन्शन, कर्जाचा हप्ता, चार्टर शाळांचे (स्वतंत्रपणे चालणाऱ्या, पण डिस्ट्रिक्टने पैसे द्यायच्या शाळा) महिन्याच्या पाच तारखेचे पैसे एवढं लिहून खाली काय उरतं ते बघायचं. पीएसईआरएस या राज्याच्या शाळा कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडात भरायचा वाटा हल्ली पगाराच्या चौतीस टक्क्यांच्या आसपास आहे, तो टाळता येत नाही. अशा वेळी दोन टक्क्यांच्या मागे जाऊ नका. अर्थात गणित म्हणून बघितलं तर टॅक्स येईपर्यंतचं अल्पमुदतीचं कर्ज सहा टक्क्यांनी काढून सदतीसची सूट घेणं फायद्याचंच, पण पगार चुकायची शक्यता असताना गणित पुढे करायचं नसतं. म्हणून मी आठवड्याचं कॅश फ्लोचं पान ठेवते आणि त्यात खाली एक रेष असते, रोख त्या रेषेच्या वर असेल तर सूट घ्यायची, खाली गेली की थांबायचं. सप्टेंबर ते जानेवारी बहुतेक वर्षी वरच असते.

दोन छोट्या गोष्टी. कार्ड कंपन्या सांगतील की व्हर्च्युअल कार्डने पैसे द्या, रिबेट मिळेल. मोठ्या व्हेंडरला चालतं, पण कार्डची फी तो व्हेंडर भरतो, गावातल्या प्लंबरला ती टोचते आणि पुढच्या कोटेशनमध्ये दिसते, काही जण सरळ सरचार्ज लावतात. एकाच बिलावर सूट आणि रिबेट दोन्ही सहसा मिळत नाहीत, जास्त कुठलं ते बघा. आणि कुणी ईमेल केला की आमचं बँक अकाउंट बदललंय, आज एसीएचने (बँकेतून थेट) पैसे पाठवले तर पाच टक्के सूट, तर हात बाजूला ठेवा. घाई आणि सूट एकत्र आली की ती फसवणूक असायची शक्यता खूप. ईमेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या फाइलमधल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा, व्हेंडर वीस वर्षांचा ओळखीचा असला तरी.

यातून किती वाचतं हेही खरं सांगायला हवं. डिस्ट्रिक्टच्या खर्चाचा बहुतेक भाग पगार, पेन्शन, आरोग्य विमा, चार्टर ट्यूशन आणि कर्ज, त्यात कुठेही सूट नाही. उरलेल्यातल्या थोड्याच व्हेंडरकडे सूटीची अट असते. आमच्याकडे वर्षाला जे वाचतं त्यात एका अर्धवेळ मदतनिसाचाही पगार निघत नाही. पण दोन शाळांच्या वर्गांतली वाचनाची पुस्तकं निघतात, आणि मला ती पुस्तकं दिसतात. शिवाय ज्याची सूट नाही असाही फायदा आहे. गेल्या दोन फर्निचरच्या बिडना आमच्याकडे आधीपेक्षा जास्त कोटेशन आली, त्यातल्या एकाने तोंडावर सांगितलं की तुम्ही वेळेवर पैसे देता हे कळलं म्हणून आलो. जे डिस्ट्रिक्ट साठ साठ दिवस लावतं त्याच्या बिडमध्ये व्हेंडर ते दिवस आधीच किमतीत घालून येतो. आमच्या स्पीच थेरपिस्टबाई एकट्या काम करतात, त्यांच्या बिलावर सूट नाही, मी मागतही नाही, तरी त्यांचं बिल पहिल्याच आठवड्यात जातं.

तर आत्ता सुरुवात अशी करा. साहेबांशी वाद घालू नका, बोर्डाकडेही जाऊ नका. मागच्या जुलै ते ऑक्टोबरची सूट लिहिलेली तीस-चाळीस इनव्हॉइस काढा, त्या चार तारखा लिहा, पाचव्या रकान्यात हुकलेली रक्कम डॉलरमध्ये लिहा. एक दुपार लागेल. त्या कागदावर सगळ्यात मोठी फट कुठल्या दोन तारखांमध्ये दिसते ते इथे कळवा, त्यावरून ठरावाचा मसुदा आधी पाठवायचा की रिसीव्हिंगचा फॉर्म ते मी सांगते, दोन्ही माझ्याकडे तयार आहेत.